विरोध झाला की जोडलेल्या हातांचा इमोजी टाकणाऱ्यांसाठी

उपासना संपून पाच तास झाले आणि माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून लिहितेय. लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जावं.

झालं असं. आशीर्वाद झाल्यावर चर्चची कमिटी बसली. आमच्या शब्बाथशाळेला, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाला, शिकवणारी एक मुलगी आहे, अजून पंचविशीचीही नाही. तिला आत बोलावलं. कशासाठी ते आधी सांगितलं नव्हतं. ती बिचारी समजली की नाताळच्या कार्यक्रमाचं काही असेल. मग एक पत्र वाचून दाखवण्यात आलं. खाली सही नाही, नाव नाही. मजकूर असा: ती मुलांना गोंगाट करायला शिकवते, धडा सोडून त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसते, सभासद नसलेल्या घरांतली मुलं आणते, आणि हे सगळं ‘स्वतःचं नाव व्हावं म्हणून’ करते. पत्र संपल्यावर एकाने विचारलं, “तुला हे सगळं करायला सांगितलं कोणी?”

ती काहीच बोलली नाही. हातातलं हजेरीचं रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि गेली.

घरी येऊन फोन बघते तर ज्यांनी ते पत्र वाचलं, त्यांनीच मंडळीच्या ग्रुपवर टाकलंय: ‘जिथे विरोध, तिथेच प्रभूचं कार्य! विश्वासात खंबीर राहा!’ पुढे जोडलेले हात. खाली सतरा जणांचं आमेन.

अहो, पण विरोध तुम्हीच केलात ना! दोन तासांपूर्वी! मग हे खंबीर राहायचं कोणी, आणि कोणापुढे?

मला आईची आठवण आली. जुन्या मित्रमैत्रिणींनी ही गोष्ट माझ्याकडून ऐकली असेल, पुन्हा ऐका.

मी अकरा वर्षांची होते. आई चर्चच्या मागच्या छोट्या खोलीत शब्बाथशाळा घ्यायची. तिच्या वर्गात बाहेरची मुलं यायला लागली, म्हणजे ज्यांचे आईबाप वर्गणी भरत नव्हते अशा घरांतली. त्यावरून कुरबुर सुरू झाली. आधी खोली घाण होते म्हणून, मग आवाज होतो म्हणून, मग खर्च वाढतो म्हणून. एका रविवारी आम्ही गेलो तर दाराला नवंकोरं कुलूप. कोणी सांगितलं नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. आईने ते कुलूप हातात घेतलं, उचलून बघितलं आणि सोडून दिलं. खट्ट झालं. मग आम्हाला म्हणाली, “चला, पायऱ्यांवर बसा.”

बाजूच्या दाराला सात पायऱ्या होत्या. फळा खोलीत अडकलेला, म्हणून आई पायऱ्यांवरच खडूने लिहायची. पाठांतराचं वचन सात तुकड्यांत, एका पायरीवर एक तुकडा. आम्ही खालून वर वाचत जायचो. असं चौदा महिने चाललं. पाऊस आला की वळचणीला उभे राहायचो, वर्ग उभ्यानेच व्हायचा. हजेरी दर रविवारी.

मी मात्र आतून जळत होते. तिला म्हणायचे, कुलूप तोड ना, दगड मी आणते. आई विचारायची, “खडू आणलास का?” प्रत्येक वेळी हेच. मला वाटायचं हिला ऐकू येत नाही.

आता जरा शास्त्राकडे येते, कारण ग्रुपवर ‘नहेम्यासारखे बना’ असंही कोणीतरी लिहिलंय. बनूया की. पण यरुशलेमची पडलेली भिंत पुन्हा बांधून घेणारा हा नहेम्या पूर्ण वाचून बनूया. आपल्याकडे त्याच्या पुस्तकाचा चौथा अध्याय फार आवडीचा. भिंतीला विरोध करणारा सनबल्लट चिडतो, त्याचा जोडीदार तोबीया टोमणा मारतो की ह्यांच्या भिंतीवर कोल्हा जरी चढला तरी ती पडेल, आणि लोक एका हाताने काम करतात, दुसऱ्या हातात हत्यार. छान. उपदेशाला एकदम सोयीचं. पण लगेच पुढचा, पाचवा अध्याय? तिथे ओरड बाहेरच्यांची नाहीच. आपलेच लोक आपल्याच भावांविरुद्ध रडतायत: शेतं गहाण पडली, मुलं गुलामगिरीत गेली, आणि व्याज घेणारे आपलेच प्रतिष्ठित. नहेम्या काय म्हणाला? ‘हा सैतानाचा हल्ला आहे, भिंतीवर लक्ष द्या’ असं म्हणाला का? नाही. तो संतापला, मग विचार केला, मोठ्या लोकांना तोंडावर जाब विचारला आणि शेतं परत करायला लावली. आपणही लोकांना पैसे आणि धान्य उसनं दिलंय हे त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं. चौथ्या अध्यायातल्या आवाजाकडे त्याने पाठ फिरवली, पाचव्यातल्या आवाजासाठी काम बाजूला ठेवून सभा भरवली. माणूस तोच, भिंत तीच.

हा फरक आम्हाला कळतच नाही. पाळकाला कोणी हिशेब विचारला की तो विरोधक. आणि तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरीवर निनावी पत्र वाचलं की ती ‘सुधारणा’. वा!

सहावा अध्याय तर आजच्यासाठीच लिहिलाय असं वाटतं. सनबल्लट चार वेळा निरोप पाठवतो, ये, ओनोच्या मैदानात भेटू. चारही वेळा नहेम्याचं उत्तर एकच: मी मोठ्या कामात आहे, मला खाली येता येत नाही. पाचव्यांदा येतं ते उघडं पत्र. मोहोर नाही, वाटेत कोणीही वाचावं असं. मजकूर काय, तर तुला राजा व्हायचंय अशी लोकांत चर्चा आहे. म्हणजे ‘स्वतःचं नाव व्हावं म्हणून’! अडीच हजार वर्षं होत आली तरी आरोपातला शब्द बदललेला नाही. फक्त सनबल्लटाने स्वतःचं नाव लपवलं नव्हतं, तेवढा तरी तो बरा.

आणि भिंत ५२ दिवसांत पुरी झाली हे सगळे सांगतात. पण शेवटच्या अध्यायात काय होतं? नहेम्या राजाकडे जाऊन परत येतो तर त्या तोबीयाला खुद्द मंदिराच्या आवारात खोली मिळालेली. दिली कोणी? एल्याशीब याजकाने. दाणे, धूप, दशांश ठेवायची खोली, आणि तिथे तोबीयाचं सामान. खोल्यांचं राजकारण फार जुनं आहे बरं का.

आईची खोली मात्र नंतर कितीतरी महिने रिकामीच होती. त्यात कोणी काहीच केलं नाही. नुसती बंद होती. ते मला आजही कळत नाही.

केंब्रिजच्या चार्ल्स सिमियनबद्दल खूप उशिरा वाचलं, तेव्हा पुस्तक मिटून मी पाच मिनिटं नुसती बसले होते. १७८२ साल, वय २३, होली ट्रिनिटी चर्चवर पाळक म्हणून त्याची नेमणूक झाली. मंडळीला दुसरा माणूस हवा होता. त्या काळी बसायच्या जागा घराघराच्या मालकीच्या, त्यांना दारं असायची. लोकांनी दारांना कुलपं लावली आणि स्वतः यायचंच बंद केलं. म्हणजे ऐकायला येणाऱ्यांनी उभं राहायचं. सिमियनने स्वतःच्या खर्चाने मधल्या वाटेत बाकं आणून ठेवली, ती विश्वस्तांनी उचलून बाहेर आवारात फेकली. हे दोनचार रविवार नाही, दहा वर्षांच्या वर चाललं. आणि हा माणूस तिथेच टिकला. १८३६ साली वारला तोवर, ५४ वर्षं, त्याच मंडळीत.

एकदा फार खचलेला असताना तो नवा करार उघडून काही दिलासा मिळतो का बघत होता, आणि नजर पडली ती कुरेनेकर शिमोनावर, ज्याला जबरदस्तीने ख्रिस्ताचा वधस्तंभ वाहायला लावलं. शिमोन आणि सिमियन एकच नाव. त्याला त्यातूनच बळ मिळालं. मला ही गोष्ट आवडते कारण त्या शिमोनाला कोणी विचारलं नव्हतं, तयार आहेस का म्हणून. तो गावाकडून येत होता, आपल्या वाटेने चालला होता, आणि धरला.

सिमियनने मनाशी धरलेलं वचन होतं ते पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं, प्रभूच्या दासाने भांडू नये. मला हे वचन अजिबात आवडत नाही, खरं सांगते. निदान आज तरी नाही.

हो, आता कोणीतरी म्हणेलच की लोक विश्वासासाठी तुरुंगात जातात, जीव देतात, आणि तुम्ही पत्रावरून रडता. मान्य. दुसऱ्या शतकातल्या पॉलिकार्प बिशपने ८६ वर्षं प्रभूची सेवा केली आणि शेवटी जाळायला नेलं तरी नाकारलं नाही. त्याच्यापुढे आमची कमिटी म्हणजे काहीच नाही. पण पॉलिकार्पला समोर शत्रू दिसत होता. या पोरीला पुढच्या रविवारी त्याच लोकांशेजारी गुडघे टेकून प्रभुभोजन घ्यायचंय. ते कसं करायचं, ते सांगणारा उपदेश मी आजवर ऐकलेला नाही.

आणि हेही मान्य की आईचंही सगळं बरोबर नव्हतं. तिने कमिटीला न विचारता मुलं आणली होती, आणि पेटीचा एक सूर मुलांनी मोडला तो तिने महिनाभर सांगितला नव्हता. झालं. लिहिलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगते, कारण टाईप करता करता राग थोडा उतरलाय.

ज्या काकांनी ते कुलूप लावलं, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो, ते उपासना संपली की त्याच बाजूच्या दाराने उतरायचे. पायऱ्यांवर आईचं वचन लिहिलेलं. पहिल्या रविवारी ते दारात थांबले. मला वाटलं आता पुसायला लावणार. त्यांनी धोतराचा सोगा वर धरला आणि पायऱ्यांच्या अगदी कडेने, भिंतीला हात लावत, एकेक पाऊल जपून टाकत उतरले. अक्षरावर पाय पडू दिला नाही. चौदा महिने, दर रविवारी, म्हातारा माणूस, तसाच कडेकडेने. आईकडे बघायचे नाहीत, बोलायचे नाहीत. कुलूपही काढलं नाही. पण वचनावर पाय नाही.

त्यांना सैतान कसं म्हणू? लहानपणी म्हणायचे. आईने एकदा ऐकलं आणि माझा कान असा पिळला की विचारू नका.

त्यांनी कधी माफी मागितली नाही. पुढे नवी कमिटी आली, कुलूप निघालं, फळा मिळाला. कोणी त्या चौदा महिन्यांचं नावही काढलं नाही.

आता आजचं उरलेलं. मघापासून मी ‘त्यांनी वाचलं’, ‘एकाने विचारलं’ असं लिहितेय. त्या टेबलाशी सात जण होते. सातवी मी होते. सहा वर्षं कमिटीवर आहे. पत्र वाचत असताना मी समोरच्या कागदावर चौकोन काढत होते. पाळकसाहेब खाली बघत होते, मीही. ती मुलगी रजिस्टर ठेवायच्या आधी एकदा माझ्याकडे बघत होती, हे मला दिसलं. मी चष्मा पुसला.

म्हणजे आईचे चौदा महिने मी चाळीस वर्षं लोकांना सांगत फिरतेय आणि आज माझ्यासमोर कुलूप लागलं तेव्हा चष्मा पुसला.

पौलाचं ते कैदेतलं शेवटचं पत्र, तेच तीमथ्याला लिहिलेलं दुसरं, दुपारी काढून वाचलं. पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूने कोणी उभं राहिलं नाही, सगळे सोडून गेले, असं तो लिहितो. त्रास देणाऱ्या आलेक्सांद्र तांबटाचं नाव घेतो, सोडून गेलेल्या देमासाचं घेतो. पण त्या ‘सगळ्यां’ची नावं नाहीत. ते कोणी विरोधक नव्हते. आमच्यासारखेच असणार, चांगले, प्रार्थना करणारे, त्या दिवशी दुसरं काहीतरी काम असणारे. पौल म्हणतो, हे त्यांच्याकडे मोजलं जाऊ नये. ते वाक्य मी याआधी पन्नास वेळा वाचलं असेल, आणि दर वेळी स्वतःला पौलाच्या जागी ठेवून.

त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात अनेसिफर आहे. त्याने रोमात पौलाला शोधून काढलं. शोधावं लागलं, म्हणजे सोपं नव्हतं, चारचौघांना विचारत हिंडला असणार की तो कैदी कुठे ठेवलाय. साखळीची लाज वाटली नाही त्याला. बस, त्याच्याबद्दल यापलीकडे फारसं माहीत नाही.

संध्याकाळी त्या मुलीला दोनदा फोन केला. उचलला नाही. बरोबर केलं तिने. मीही उचलला नसता. मग ग्रुपवर लिहिलं, माझ्या नावाने: निनावी पत्र वाचायला नको होतं, मी तिथे होते आणि गप्प राहिले, पुढच्या बैठकीत हा विषय मी घेणार. निळ्या खुणा झाल्यात. आमेन एकही नाही.

तिचं रजिस्टर टेबलावरून मी उचलून आणलंय. आत्ता उघडलं. आजची हजेरी तिने बैठकीच्या आधीच मांडून ठेवली होती. तेवीस हजर, चार गैरहजर, आणि गैरहजरांपैकी एकाच्या नावापुढे पेन्सिलने बारीक अक्षरात: ‘ताप, घरी जाऊन यायचं.’

घर कुठे आहे ते मला माहीत नाही. उद्या विचारते कोणालातरी.

(एडिट: पत्र कोणी लिहिलं असेल यावर कमेंटमध्ये अंदाज बांधू नका. काढून टाकीन.)