संगणक उलटा झाल्यास पालकांना बोलवावे

शाळेच्या संगणक कक्षाची किल्ली ज्यांच्या कमरेला आहे, त्यांच्यासाठी हे चार अनुभवाचे बोल. अनुभव ताजा आहे. गेल्या शनिवारी द्राक्षबागेत डाऊनी रोगाची फवारणी अर्ध्यावर टाकून, औषधाच्या वासासकट मी तासगावाकडून शाळेत पळालो. फोनवर एवढंच कळलं होतं, 'तुमच्या पोरानं कॉम्प्युटर हॅक केलाय.'

तर पहिलं म्हणजे, चपला बाहेर काढायला लावा. व्हायरस पायांतूनच येतो.

संगणकांना झालरीचे कव्हर शिवून घ्या. झाकलेल्या संगणकाचा गैरवापर झाल्याचं अजून ऐकिवात नाही.

पासवर्ड अवघड ठेवा. शाळेचं नाव, पुढं १२३. आणि विसरू नये म्हणून मॉनिटरच्या कडेला चिकटवा.

टेबलं फळ्याकडे तोंड करून लावा, म्हणजे समोर बसलेल्या सरांना मॉनिटरच्या पाठी दिसतात. मागं काय चाललंय ते देव जाणे. भिंतीकडेनं मशीन लावून त्यांचे पडदे, म्हणजे स्क्रीन, आतल्या बाजूला केले, तर मधे उभं राहून सगळं दिसतं; पण मग उभं राहावं लागतं.

व्हेयॉन नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, सरांच्या मशीनवर सगळ्या पोरांचे पडदे एकदम दाखवतं. फुकट आहे. फुकट म्हणजे कोटेशन नाही, तेव्हा नादी लागू नका. राउटरच्या डीएनएसमध्ये, म्हणजे साइटचे पत्ते शोधणाऱ्या सेटिंगमध्ये, १.१.१.३ टाकलं की घाणेरड्या साइट बऱ्याचशा अडतात. पण राउटरचा पासवर्ड पाच वर्षांचं कंत्राट संपवून गेलेल्या पोराकडे आहे, आणि त्याचा पगार थकवल्यामुळं तो फोन उचलत नाही. विंडोज सेव्हन तसंच राहू द्या. त्याचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले, म्हणजे आता कटकट नाही.

आणि पडदा उलटा झाला तर? तर शनिवारी मी बघितलं तसं करा. आधी मुख्याध्यापकांनी मान वाकडी करून वाचून बघावं. मग शिपाईमामांनी मॉनिटरच उचलून उलटा धरावा, स्टँड छताकडे. चित्र सरळ दिसतंही, फक्त मामांना संध्याकाळपर्यंत धरून उभं राहावं लागेल. कोपऱ्यातून आठवीतला एक पोरगा, म्हणजे माझा, म्हणत असेल, "सर, कंट्रोल, आल्ट आणि वरचा बाण दाबा, सरळ होतंय." त्याला 'हात लावू नकोस' म्हणून गप्प करावं. मग सांगलीहून माणूस बोलवावा. तो येतो, कंट्रोल, आल्ट आणि वरचा बाण दाबतो, चहा पितो आणि पाचशे रुपये घेतो. माझ्याकडून.

बऱ्याच जुन्या मशीनवर खालचा बाण दाबला की पडदा उलटतो आणि वरचा दाबला की सरळ होतो, बास. ह्याला हॅकिंग म्हणतात? पोरानं खोडी केली, कबूल. घरी आणून मी त्याला बोललोही. पण चोपन्न पोरं, सहा चालू मशीन, एका मशीनवर नऊ जण! आठ जण नवव्याच्या कानात 'आता माझं, आता माझं' करणार नाहीत तर काय करतील? आणि सर कुठं होते? ऑफिसात, यूडायस म्हणजे शाळेची सरकारी माहिती भरत. ते तरी काय करतील बिचारे, वरून फोन आला की तास सोडून जायचंच. मग तासाला दुसरं कुणी बसवा की! नाहीतर कुलूप लावा आणि वर्षाची कॉम्प्युटर फी घेऊ नका. खोलीत एक मोठं माणूस ठेवायचं नाही, आणि काही झालं की बागेतनं बाप बोलवायचा. लाज वाटायला पाहिजे.

पाचशेची पावती मागितली तर क्लार्क म्हणाले, "पावती कॉम्प्युटरवर निघते, तो बंद आहे."