उलटी नाही, म्हणून स्वादुपिंड ठीक आहे असे नाही

सप्रेम नमस्कार.

मांजरांच्या स्वादुपिंडाच्या दाहावरील माझ्या लेखाबद्दलचे आपले आक्षेप मी दोनदा वाचले. उलटी न होणाऱ्या मांजरालाही हा आजार असू शकतो असे लिहून मी लोकांना विनाकारण घाबरवतो, मुंबईच्या उकाड्यात मांजरे खाणे टाकतातच, आणि एक दिवस लंघन घडले की पोट ताळ्यावर येते, असे आपले म्हणणे आहे. उकाड्याचा मुद्दा मला काही अंशी मान्य आहे. मे महिन्यात आमची मांजर ठकीही दुपारची वाटी संध्याकाळी संपवते. उशिरा खाणे आणि मुळीच न खाणे यांतला फरक मी लेखात नीट मांडला नव्हता, ही चूक माझी.

उलटीबाबत मात्र मी माघार घेणार नाही. कुत्र्याला हा आजार झाला की उलट्या आणि पोटदुखी बहुधा समोर दिसतात. मांजरांत मात्र अनेकदा उलटी होतच नाही, आणि सुस्ती व अन्नावरची वासना उडणे एवढेच काय ते दिसते. पोट दुखत असले तरी मांजर ओरडत नाही, कोपरा धरते. ठकीने मोरीतल्या बादलीमागची जागा धरली होती. सुकटीच्या वासाने ती वाटीपर्यंत आली, तिने हुंगले, दोनदा ओठ चाटले आणि मान फिरवून ती परत गेली. ते ओठ चाटणे भुकेचे नसून मळमळीचे होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. तोवर तिचे कान हाताला गार लागू लागले होते. पहिल्या दवाखान्यात ‘उलटी नाही ना, मग गॅस असेल’ असे सांगून आम्हाला परत पाठवले होते.

लंघनाचा सल्ला तर कृपया कोणालाही देऊ नये. मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि मूळ दुखण्यावर दुसरे, जिवावर बेतणारे दुखणे येऊन बसते. म्हणूनच डॉक्टर सलाइनबरोबर मळमळीचे आणि वेदनेचे औषध देऊन मांजराला खायला घालतात, गरज पडल्यास नळीनेसुद्धा. (माणसाची पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नये; मांजराला ती विषासमान आहे.)

सोनोग्राफीच्या खर्चाविषयीची आपली तक्रार रास्त आहे, परंतु नेहमीच्या रक्ततपासणीतल्या अमायलेज आणि लायपेज या पाचक विकरांवरून (एन्झाइम्सवरून) मांजरांत हा आजार ओळखता येत नाही. त्यासाठी स्वादुपिंडाच्या लायपेजची मांजरांसाठीची वेगळी चाचणी असते, आणि ती व सोनोग्राफी एकत्र पाहूनच डॉक्टर निष्कर्ष काढतात.

आपल्या प्रतिक्रियेतले शेवटचे वाक्य वाचून मी हे उत्तर घाईने लिहायला घेतले. आपल्या बोक्याने काल सकाळपासून काही खाल्लेले नाही, असे आपण त्यात ओघात लिहिले आहे. त्याला आजच जवळच्या पशुवैद्यांकडे न्यावे, आणि तो शेवटचा कधी जेवला व त्याने लघवी कधी केली, हे कागदावर लिहून सोबत ठेवावे.