पोट खालसा

मला गाडी लागते. अशी-तशी नाही. साताऱ्याहून पुण्याला निघालो की खंबाटकी घाट यायच्या आधीच तोंडाला पाणी सुटतं, आणि ते भुकेचं नसतं. असल्या माणसाला सिमल्याहून किन्नौरमधल्या कल्प्याला मोटारीने नेणं हा खरं तर गुन्हा आहे. पण बायकोने हॉटेलचे पैसे आगाऊ भरले होते. मग काय बोलणार?

हा जुना हिंदुस्तान-तिबेट रस्ता. लॉर्ड डलहौसीने १८५० मध्ये तो बांधायला घेतला. हे नाव ऐकलं की सातारकराचे कान टवकारतात. दोनच वर्षं आधी, १८४८ मध्ये, याच गृहस्थाने दत्तक वारस नामंजूर करून आमचं सातारा संस्थान खालसा केलं होतं. तिकडे काही उरलंसुरलं राहिलं असावं, ते त्याने माझ्यावर काढलं. नारकंड्याला मी एक आलू पराठा अगदी रीतसर दत्तक घेतला. पाचव्या वळणावर तो नामंजूर झाला.

तिथला भूगोलही डलहौसीलाच सामील. नारकंडा साधारण २७०० मीटरवर. तिथून सतलजच्या काठी रामपूरला उतरायचं म्हणजे हजारेक मीटरपर्यंत खाली, आणि मग पुन्हा चढत चढत कल्प्याला, जवळजवळ ३००० मीटर. विहिरीतल्या पोहऱ्याला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

बायको मोबाइलवर वाचून दाखवत होती. "अहो, ऐका ना, मूळ रस्ता गाड्यांसाठी नव्हताच. खेचरांवरून तिबेटची लोकर यायची. आणि पहाडी लोकांना वेठीला धरून ओझी वाहायला लावायचे ना, ते बंद व्हावं हाही हेतू होता म्हणे."

हेतू चांगलाच. पण मला वेठीला धरून नेत होते त्याचं काय, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि लगेच मिटलं.

रामपूर म्हणजे बुशहर संस्थानची राजधानी. नोव्हेंबरात इथे लवीचा मेळा भरतो, लोकर, सुकामेवा, घोडे विकायला येतात. बायको पद्म पॅलेसचं लाकडी कोरीवकाम डोळे भरून पाहत होती. मी बाहेर पायरीवर बसून आलेपाक चघळत होतो. त्या पायरीचा दगड मात्र मी इतका निरखलाय की कुठेही ओळखेन.

"सर जी, दूर देखो, दूर देखने से नहीं लगता," ड्रायव्हर म्हणाला. दूर म्हणजे कुठे? एका बाजूला नाकाला टेकलेला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, तळाशी राखाडी सतलज. दूर बघितलं की गरगरायचं, जवळ बघितलं की मळमळायचं. शेवटी डोळे मिटले. किन्नौर जिल्ह्याची कमान आली तेव्हा मी मिटल्या डोळ्यांनीच नमस्कार केला.

पुढे तरंडा ढांक. इथे उभा कातळ पोखरून रस्ता काढलाय, आणि वरचा खडक छपरासारखा डोक्यावर येतो. रस्ता खोदताना मजूर दगावू लागले, मग देवीचं मंदिर बांधलं, असं सांगतात. एकही ड्रायव्हर इथे थांबल्याशिवाय पुढे जात नाही. आमचाही थांबला. सगळे देवळाकडे गेले, मी उलट्या दिशेला कठड्याकडे.

कल्प्याला पोचलो तेव्हा किन्नर कैलास सोनेरी झाला होता, असं सगळे म्हणाले. मी रजईत होतो. हे कल्पा म्हणजे पूर्वीचं चिनी. डलहौसी इथे येऊन राहिला होता. एवढे हाल काढून गाठायचं ठिकाण त्याने निवडलं छानच होतं, हे मी दुसऱ्या दिवशी सकाळी, रिकाम्या पोटी, मान्य केलं.

घरी आल्यावर बायकोने शेजारच्या काकूंना फोटो दाखवले. सहाशेच्या वर. तरंड्याच्या फोटोत एका कोपऱ्यात मी, कमरेतून वाकलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"बाई गं, केवढी श्रद्धा!" काकू म्हणाल्या. "एवढं वाकून नमस्कार कोण करतं आजकाल?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी गंभीर चेहऱ्याने मान हलवली.