नावे बदलतात, म्हणून ती खोटी ठरत नाहीत

बडोद्यातल्या मराठी बागप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : शास्त्रज्ञ वनस्पतींची लॅटिन नावे मनाला येईल तशी बदलतात, नावात सांगितलेला देशही पुष्कळदा चुकीचा निघतो, बेटांवरच्या झाडांची मोजदाद केव्हाच संपली असून आता जुन्याच जाती फोडून नव्या म्हणून खपवल्या जातात, तेव्हा आपली देशी नावे पुरेत. उदाहरणे सदाफुली, गुलमोहर, दर्याचा नारळ आणि प्रवासी वृक्ष यांची आहेत. ही चारही झाडे हिंदी महासागरातल्या बेटांवरची असल्यामुळे उत्तरही त्यांच्याच आधारे देता येते. पुढे ‘जाती’ म्हणजे स्पीशीज आणि ‘प्रजाती’ म्हणजे जीनस असे समजावे. वर्तमानपत्रांनी या दोन शब्दांची इतकी सरमिसळ केली आहे की हे आधीच सांगितलेले बरे.

‘मनाला येईल तशी’ हा आरोप सर्वांत मोठा, म्हणून तो नीट तपासू. मादागास्करच्या सदाफुलीला दोन शब्दांच्या लॅटिन नावांची पद्धत रूढ करणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीयस याने १७५९ मध्ये ‘व्हिंका रोझिया’ म्हटले. युरोपातल्या व्हिंकांपेक्षा तिची फुले रचनेने वेगळी आहेत हे लक्षात आल्यावर १८३७ मध्ये जॉर्ज डॉन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला ‘कॅथरॅन्थस’ या प्रजातीत नेले आणि ती ‘कॅथरॅन्थस रोझियस’ झाली. यात काय बदलले आणि काय टिकले ते पाहा. नावाचा पहिला शब्द नाते सांगतो, आणि नात्याविषयीचे मत पुराव्यानुसार बदलू शकते. दुसरा शब्द मात्र व्याकरणातले लिंग तेवढे बदलून तसाच राहिला, आणि पूर्ण नाव लिहिताना लिनीयसचा उल्लेखही कंसात कायम ठेवावा लागतो. गुलमोहराचेही तसेच झाले : १८२९ मधला ‘पॉइन्सियाना रेजिया’ पुढे ‘डेलोनिक्स रेजिया’ झाला, पण ‘रेजिया’ गेले नाही. आपल्या अंगणातला शंकासूरही एकेकाळी ‘पॉइन्सियाना’च होता, त्या दोघांना एका घरात ठेवायचे की वेगवेगळ्या, हा प्रश्न लहरीचा नसून फुले आणि शेंगा तपासून सोडवायचा आहे.

या व्यवहाराला नियम आहेत. १ मे १७५३ पासून नियमानुसार प्रसिद्ध झालेल्या नावांपैकी सर्वांत जुने नाव सामान्यतः ग्राह्य धरतात, प्रत्येक जातीचे नाव एका ठरावीक नमुन्याशी बांधलेले असते, आणि नियमांत फेरफार करायचा तर तो आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेतच होतो. २०२४ मध्ये माद्रिदच्या परिषदेत ‘कॅफ्रा’ हा आफ्रिकी लोकांना अपमानास्पद वाटणारा शब्द दोनशेहून अधिक नावांतून काढून ‘ॲफ्रा’ करण्याचे ठरले. तो बदल शास्त्रीय पुराव्यासाठी झाला नव्हता, हे संदेशकर्त्याच्या बाजूने मान्य करावे लागेल. पण तोही मतदान घेऊन झाला. वनस्पतिसंग्रहात तर नवे नाव ठरले की वाळवलेल्या नमुन्याच्या कागदावर नवी चिठ्ठी डकवतात, जुनी फाडत नाहीत. लहरीने काम करणारा माणूस असा माग ठेवत नाही.

देशाच्या नावाबद्दलचे निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. दर्याच्या नारळाचे झाड जंगली अवस्थेत सेशेल्सच्या प्रालँ आणि क्युरिअज या दोनच बेटांवर वाढते. त्याची पोकळ झालेली फळे सुमारे २,००० किलोमीटर वाहत मालदीवच्या किनाऱ्याला लागत, म्हणून ‘मालदिविका’ हे नाव पडले. मूळ ठिकाण १७६८ मध्ये कळले होते, तरी १७९१ मधल्या नावात मालदीवच आले. पुढे ‘सेशेलारम’ हे अधिक योग्य नाव सुचवले गेले, तरी जुन्याचा अग्रक्रम टिकला, कारण नाव अयोग्य वाटते एवढ्यावरून ते टाकता येत नाही असा नियमच आहे. नाव ही खूण आहे, दाखला नव्हे. आफ्रिकेतल्या चिंचेलाही आपण ‘इंडिका’ म्हणतोच.

मोजदाद संपल्याचा दावा मात्र सरळ खोटा आहे. पंख्यासारख्या पानांचा प्रवासी वृक्ष, ‘रावेनाला’, जगभरच्या बागांत लावला जातो आणि त्याची एकच जाती आहे असे दोनशेहून अधिक वर्षे मानले गेले. २०२१ मध्ये मादागास्करमधून त्याच्या आणखी पाच जातींची वर्णने प्रसिद्ध झाली. इतके ठळक झाड इतकी वर्षे नीट पाहिले गेले नव्हते, तर डोंगरकपारीतल्या बारीक झुडपांची काय कथा?

राहिली देशी नावे. ती मलाही प्रिय आहेत, पण बडोद्यात तरी ती पुरतात असे कोणी म्हणू नये. आपली सदाफुली शेजारच्या गुजराती घरात ‘बारमासी’ होते. ‘चाफा’ म्हटले तर सोनचाफा एका कुलातला (कुल म्हणजे प्रजातींचा मोठा गट), हिरवा चाफा सीताफळाच्या कुलातला आणि कॅरिबियन बेटांकडून आलेला पांढरा चाफा कण्हेरीच्या. रोपवाटिकेत ‘चंपो’ मागितला तर हातात बहुधा हा तिसरा पडतो. फुलाच्या बाबतीत एवढा घोटाळा चालून जाईल. परंतु सदाफुलीपासून कर्करोगावरचे व्हिनक्रिस्टीन मिळते आणि त्या औषधाच्या नावात आजही जुन्या ‘व्हिंका’चाच अंश आहे. तिच्यावरचे जुने संशोधन शोधायचे असेल, तर ‘बारमासी’ म्हणून काही हाती लागणार नाही. ‘व्हिंका रोझिया’ आणि ‘कॅथरॅन्थस रोझियस’ ही दोन्ही नावे टाकून पाहावी लागतील.