पाठीवर की छातीवर?

पेपरातला मथळा सगळ्यांनीच वाचला होता, त्यामुळं तो वाचून दाखवायची काही गरज नव्हती. विक्यानं दोनदा वाचून दाखवला. "नैराश्यावर मात करून यवतेश्वर सर!" आणि खाली बारक्या अक्षरात, "औषधांना रामराम". फोटोत यवतेश्वरच्या घाटातल्या शर्यतीत पळणारा आमचा दिल्या. तोंड उघडं, एक मोजा घोट्यापर्यंत घसरलेला, मागं ॲम्ब्युलन्स. मात नेमकी कुणी कुणावर केलीय ते फोटोवरून सांगणं अवघड होतं.

दिल्या अजून यायचा होता, म्हणून राजवाड्यावरच्या आमच्या कट्ट्यावर त्याच्याबद्दल मोकळेपणानं बोलणं चाललं होतं.

विक्याची ओळख करून द्यायला हवी. त्यानं गोव्याला एकदा अर्धा आयर्नमॅन केला. १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं. त्यानंतर त्याच्या गाडीच्या काचेवर, हेल्मेटवर आणि पोटरीवर तो लाल बिल्ला आला. घरातल्या गॅस सिलिंडरवरही असेल, आम्ही बघितलेलं नाही. रात्री झोप कशी लागली हे त्याला सकाळी हातातलं घड्याळ सांगतं. बायको सांगते ते तो ऐकत नाही.

"मी म्हणत होतो का नाही?" विक्या म्हणाला. "सगळा माइंडसेटचा खेळ आहे. गोळ्या म्हणजे कुबड्या. एंडॉर्फिन सुटलं की डोकं साफ."

"कुबड्या वाईट का रे?" बंड्यानं विचारलं. "तुझा पाय मोडला तेव्हा माझ्याच दुकानातून भाड्यानं नेल्या होत्यास. त्यातली एक अजून परत आलेली नाही."

बंड्याचं मेडिकलचं दुकान. बावीस वर्षं. तो स्वतः एक पाऊल पळत नाही, जिना चढायचा म्हटलं तरी लिफ्टची चौकशी करतो. पण गावात कोण कशावर आहे हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही आणि त्याच्याइतकं कुणी गप्पही नाही. दिल्याच्या गोळ्या आठ वर्षं तोच बांधून देतोय. आम्हाला ते कळलं दिल्याकडून, तेही दोन वर्षांपूर्वी.

एंडॉर्फिन शब्द कुणीतरी उच्चारतंय याची मास्तर वाटच बघत होते. इतिहास शिकवतात, पण वाचतात सगळं.

"रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही," मास्तर म्हणाले. "हल्ली संशोधकांचा रोख एंडोकॅनाबिनॉइडवर आहे. शरीरच ते बनवतं. गांजातल्या द्रव्याच्या भावकीतलं."

"म्हणजे विक्या रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाऊन..." अण्णांनी वाक्य अर्धंच सोडलं. अण्णा विमा एजंट आहेत, पुढचं समोरच्याला भरायला लावतात.

विक्या चिडला. त्यानं मोबाईल काढला आणि कुठलंसं संशोधन शोधायला लागला. मास्तरांनी त्याचं काम हलकं केलं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. नैराश्याचं निदान झालेली १५६ माणसं, सगळी पन्नाशीच्या पुढची. एका गटाला व्यायाम, दुसऱ्याला सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या औषधाच्या गोळ्या, तिसऱ्याला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले.

"झालं!" विक्यानं मांडीवर थाप मारली. मांडी त्याचीच असल्यामुळं कळवळलाही तोच. आदल्या दिवशी बत्तीस किलोमीटर झाले होते.

"व्यायाम काय दिला होता मास्तर?" बंड्यानं विचारलं.

"आठवड्यातून तीनदा. अर्धा तास भरभर चालणं नाहीतर हळू पळणं. सगळे मिळून, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली."

"म्हणजे आठवड्यातून तीन वेळा कुणीतरी त्यांची वाट बघत होतं. आला नाही तर विचारणारं कुणीतरी होतं. पन्नाशीतल्या माणसाला अशी वाट बघणारं कोण असतं? कर्जवाला सोडून?"

यावर सगळे जरा गप्प झाले, कारण आमच्यातल्या तिघांना कर्जवाल्याचे फोन येतात. मग चहा आला. आल्याचा चहा म्हणून सांगितला होता, त्यात आलं किती यावरून टपरीवाल्याशी अण्णांचं एक छोटं भांडण झालं. ते रोजचंच.

विक्याची गाडी मग कॉम्रेड्स नावाच्या शर्यतीवर घसरली. पुढच्या वर्षी तो दक्षिण आफ्रिकेला जाणार आहे. दरबान आणि पीटरमारिट्झबर्ग, साधारण ९० किलोमीटर, बारा तासांच्या आत. गेले सहा महिने कट्ट्यावरचा कुठलाही विषय सातव्या मिनिटाला दरबानला पोचतो. नगरपालिकेची पाणीपट्टीसुद्धा.

"ती शर्यत कशासाठी सुरू झाली ते तरी माहीत आहे का?" मास्तरांनी विचारलं.

विक्याला शेवटच्या दोन तासांत ताकदीसाठी कुठला एनर्जी जेल खायचा ते माहीत होतं. हे नव्हतं.

मग मास्तर रंगले. व्हिक क्लॅफॅम नावाचा माणूस. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत पायदळात होता, हजारो किलोमीटर पायपीट केलेला. परत आल्यावर मेलेल्या सोबत्यांची आठवण कशी ठेवायची, तर पुतळा नको, सगळ्यांनी एक अशक्य वाटणारं अंतर पळायचं. आधी त्याला परवानगीच मिळेना, लोकांना हा वेडेपणा वाटला. शेवटी २४ मे १९२१ ला ३४ जण निघाले, १६ पोचले.

"म्हणजे हा सगळा खटाटोप दुःखातूनच सुरू झालेला," मी म्हणालो. माझं एवढंच योगदान, कुणी लक्ष दिलं नाही.

विक्यानं आपली माहिती काढली. "आणि बारा तास झाले ना, की एक माणूस बंदुकीचा बार काढतो. येणाऱ्या लोकांकडं पाठ करून उभा राहतो. दोन पावलांवर असलास तरी संपलं. पदक नाही, नाव नाही. याला म्हणतात शिस्त!"

"आपल्याकडं हेच करतात," बंड्या म्हणाला. "सहा महिने झाले गोळ्या चालू होऊन, अजून बरा नाही? काढ बार. आणि पाठ फिरवूनच."

हे तो अगदी सहज बोलला, चहात पडलेली मुंगी काढता काढता.

तेवढ्यात दिल्या आला. विक्या टाळ्या वाजवत उभा राहिला. दिल्यानं बसून आधी मोजे वर ओढले. फोटोची धास्ती घेतलेली दिसत होती.

"औषधांना रामराम मी म्हणालो नव्हतो," बसल्या बसल्या तो म्हणाला. "त्या पोरानं विचारलं, 'धावल्यानं फरक पडला का?' मी म्हणालो, 'पडला.' पुढचं त्यानं लिहिलं. आणि मला नैराश्यही नाही. बायपोलर आहे, मन कधी तळाला, कधी भलतंच वर. लिथियमच्या गोळ्या चालू आहेत, चालू राहणार."

"अरे, मथळा असाच लागतो," विक्या म्हणाला. "लोकांना प्रेरणा मिळते."

"आज सकाळी दुकान उघडायच्या आधी एक पोरगा येऊन उभा होता," बंड्या म्हणाला. "नाव सांगत नाही. हातात हाच पेपर. म्हणाला, आता मीपण गोळ्या बंद करून पळायला लागू का? अर्धा तास घालवला त्याच्यावर. डॉक्टरला विचारल्याशिवाय एक गोळी सोडायची नाही म्हणून हातात टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर लिहून दिला. ही मिळाली तुझी प्रेरणा."

विक्या म्हणाला की अपवाद सगळीकडंच असतात. विक्याचं असं आहे, हरायला लागला की तो सगळं अपवादात घालतो.

मग बंड्यानं जुनं प्रकरण काढलंच. शर्यतीत चौदाव्या किलोमीटरला दिल्याचा गुडघा धरला, तेव्हा विक्यानं पट्ट्यातून आयब्युप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली होती. दिल्यानं ती खाल्ली नाही, खिशात टाकली आणि दुसऱ्या दिवशी बंड्याला दाखवली.

"लिथियमवर असलेल्या माणसाचा घाम गेलेला, पाणी कमी पडलेलं, त्यात ही गोळी. रक्तातलं लिथियम चढतं. हात थरथरतात, जुलाब, चालताना तोल जातो. तू म्हणाला असतास, थकला बिचारा, आणि अजून एक जेल भरवला असतास."

"मला काय माहीत!"

"तेच सांगतोय."

विक्याचा चेहरा उतरला. खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटलं, कारण दिल्याला पहिल्यांदा घरातून बाहेर काढलं ते विक्यानंच. चार महिने रोज पहाटे पाच वाजता त्याच्या दारात उभा राहायचा. वाट बघणारं माणूस हवं असतं म्हणून बंड्या बोलला, पण वाट बघत प्रत्यक्ष उभा होता तो हा आगाऊ माणूस. हे कुणी बोललं नाही. मीही नाही.

दिल्या मात्र दुसरंच बोलला.

"पळताना मला बरं वाटतं असं काही नाही. वाईटच वाटतं. पण ते कशानं वाटतंय हे माहीत असतं. चढ आहे म्हणून." मग थोडं थांबून, "आणि गेल्या पावसाळ्यात मी रोज तीस किलोमीटर पळत होतो, आठवतंय? काय फॉर्ममध्ये आहे म्हणालात सगळे. तो फॉर्म नव्हता. तो आजारच होता, दुसऱ्या टोकाचा. रात्री दोन वाजता कासच्या रस्त्याला एकटा. झोप नाही, भूक नाही. विक्या, तू प्रत्येक रनला मोबाईलवर अंगठा दिलास."

"वेळ बघितली नाही रे," विक्या हळूच म्हणाला.

"बायकोनं बघितली. तिनं बूट लपवले. पिठाच्या डब्यात."

पिठाच्या डब्यात म्हटल्यावर अण्णांना हसू आवरेना, आणि ते हसले म्हणून आम्ही हसलो. दिल्याही. त्या बुटांत नंतर किती दिवस ज्वारीचं पीठ निघत होतं ते त्यानंच सांगितलं. पण हसता हसता मला त्या वहिनी डोळ्यांपुढं आल्या, रात्री बूट हातात घेऊन जागा शोधत असलेल्या.

तर दिल्याचं म्हणणं असं होतं, की पुढच्या वेळी तो टी-शर्टवर लिहूनच पळणार. 'मी पळतो. गोळ्याही घेतो.' कुठल्या पेपरवाल्याला मथळा द्यायची तसदीच नको.

अण्णा एकदम गंभीर झाले. "पोरीचं लग्न व्हायचंय तुझ्या."

"तिनंच सुचवलंय."

"ती लहान आहे. स्थळं बघायला लागलास की कळेल. लोक आधी टी-शर्ट बघतील, मग पोरगी."

"लंडनला २०१७ च्या मॅरेथॉनला हेच केलं," मास्तर म्हणाले. "'हेड्स टुगेदर' म्हणून निळ्या पट्ट्या डोक्याला बांधून लोक पळाले. राजघराण्यातले दोघं भाऊ आणि सूनबाई त्याच्या पाठीशी उभे होते."

"राजपुत्राच्या पोरीला स्थळाची काय काळजी? आपण सातारकर."

"राजधानी आपलीही होती," मास्तर म्हणाले. मग अर्धा तास शाहू महाराजांवर गेला, तो इथं लिहीत नाही.

परत विषयावर आणलं विक्यानं. त्याला वाक्य इंग्रजीत हवं होतं. मास्तरांना 'पळतो' ऐवजी 'धावतो' हवं होतं. दिल्या म्हणाला, धावतात ते पहिले शंभर. मी पळतो. अण्णा म्हणाले, लिहायचंच असेल तर बारीक लिही. आणि पाठीवर बंड्याचा तो १४४१६ नंबर टाकू असं मी सुचवलं, तर अण्णा म्हणाले, लोक मटक्याचा आकडा समजून लावतील.

"वाक्यसुद्धा पाठीवरच हवं," विक्या म्हणाला. "छातीवर बिब असतो, नंबराचा कागद. मागून येणारे वाचतील."

"याच्या मागून कोण येतं?" बंड्या म्हणाला.

सगळे एकदम थांबले.

"फोटो बघ. मागं ॲम्ब्युलन्स आहे. पाठीवर लिहिलं तर एक ड्रायव्हर वाचेल, तोही आधीपासून आमचं गिऱ्हाईक."

दिल्या स्वतःच इतका हसला की त्याला ठसका लागला. पण बंड्याचं झालं नव्हतं. त्यानं टपरीच्या फळीवर सांडलेल्या चहात बोट बुडवलं आणि यवतेश्वरचा घाट काढला. समर्थ मंदिराकडून वर जाणारी वळणं, वर एक ठिपका, आणि त्याच वळणांनी परत खाली.

"रस्ता एकच आहे ना? वर जायचं, वळायचं, त्याच रस्त्यानं खाली. हा वर चढत असतो तेव्हा सगळी शर्यत वळून खाली येत असते. सगळी. याच्या तोंडावर. पहिला येतो त्याला कुणी बघत नाही, तो सगळ्यांच्या आधी निघून जातो. हा मात्र हजारो लोकांना समोरून भेटतो. बिब खाली पोटावर लाव. वाक्य छातीवर."

मास्तरांनी चहाचा तो नकाशा नीट बघितला आणि बंड्याला शंभरपैकी एकशे पाच दिले. विक्यानंही बघितला. म्हणाला, बरोबर आहे, उतरताना मी समोरच बघत असतो. मग म्हणाला, छपाई माझ्याकडं, मेव्हण्याचं दुकान आहे, दोन काढतो.

"दुसरा कुणाला?"

"मला. तू पुढच्या वेळी माझ्याबरोबर असशील, तर मला हळू पळावं लागणार. लोक विचारतील, हा एवढा मागं का. काहीतरी कारण छातीवर असलेलं बरं."

"पण तू गोळ्या कुठं घेतोस?"

"बीपीची सुरू झालीय," विक्या म्हणाला. "मार्चपासून."

कट्टा सुन्न. आयर्नमॅनला बीपी! सगळ्यांनी बंड्याकडं बघितलं. बंड्या चहाच्या नकाशावरून शांतपणे फडकं फिरवत होता.

"तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत," बंड्या म्हणाला. "मी फक्त कुबडी मागतोय."

दिल्यानं ठसका आवरला आणि विक्याच्या खांद्यावर हात टाकला. "माझ्याबरोबर पळायला काही हरकत नाही विक्या. पण मी 'नो' म्हणालो की जागेवर थांबायचं. सत्त्याण्णव साली कॉलेजच्या फायनलला मी 'नो' म्हणत होतो आणि तू निम्म्या पिचवर आला होतास. एकोणपन्नासवर रनआऊट झालोय मी. डॉक्टर पहिल्यांदा म्हणाले ना, आजाराची सुरुवात कुठून झाली सांगा, मी आधी तेच सांगितलं."

"अरे तो 'यस' होता!" विक्या ओरडला.

"'नो' होता," अण्णा म्हणाले. "मी अंपायर होतो."

"तुम्ही झोपला होता!"

रात्री सव्वादहाला टपरीवाल्यानं दिवा बंद केला तरी तो 'यस' होता की 'नो' हे ठरलं नव्हतं. चहाचे पैसे अण्णांनी कुणाच्या नावावर लिहायला सांगितले तेही अंधारात नीट ऐकू आलं नाही.