आण्णा त्या दिवशी अर्ध्यातून उठले होते

आज फार चिडले आहे. लिहिल्याशिवाय झोप यायची नाही म्हणून लिहितेय.

दुपारी आण्णांना घेऊन सिनेमाला गेले होते. मराठी, विनोदी, नवा. नाव लिहीत नाही, लिहिलं की खाली त्यावरूनच भांडणं सुरू होतील. त्यातल्या मुख्य नटाला मी कॉलेजात असताना एका एकांकिकेत पाहिलंय. रिकामं स्टेज, एक स्टूल आणि तो. अर्धा तास हसवलं आणि शेवटी असा काही गप्प झाला की टाळ्या वाजवायचं कुणाला सुचेना. तोच माणूस आज साडी नेसून किंचाळत होता. साडी नेसला, हसा. पडला, हसा. जाड बाईला जाड म्हणाला, हसा. दिग्दर्शकही काही सोम्यागोम्या नाही. त्याचा पहिला सिनेमा बघा म्हणून मी इथेच तुमच्या मागे लागले होते. म्हणून तर जास्त लागलं. ज्याला येतच नाही त्याच्यावर कोण कशाला रागावेल?

आण्णा शेवटपर्यंत बसले. मी इंटरव्हलला विचारलं, जाऊया का घरी? तर म्हणाले, "तिकिटाचं पैसं दिल्यात न्हवं."

तेव्हा मला 1992चा तो सिनेमा आठवला. म्हणजे आमच्या इचलकरंजीच्या टॉकीजला लागेपर्यंत बहुतेक पुढचं साल उजाडलं असेल, मी सहावीत होते. 'एक होता विदूषक'. पोस्टरवर लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. आण्णांना तेवढं पुरे होतं.

आण्णा तेव्हा यंत्रमागावर कामाला होते. ज्यांच्या घरात माग आहेत त्यांना सांगायला नको, बारा-बारा तास त्या खटखटाटात काढले की कान जातात. आण्णा समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायचे, अजूनही ओळखतात. त्यामुळे सिनेमातले शब्द निम्मे हुकायचे. पण लक्ष्या त्यांना ऐकावा लागत नसे! तो घाबरला की आधी डोळे, मग मान, मग खांदे आणि सगळ्यात शेवटी पाय घाबरायचे. आण्णा पायांपर्यंत पोचायच्या आधीच खो-खो हसत असायचे. केसात कापसाची पिंज तशीच, कामावरून थेट टॉकीजला.

आणि हा सिनेमा निघाला वेगळाच. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा-संवाद पुलंचे, गाणी ना. धों. महानोरांची. तमाशातला आबूराव सिनेमाचा हिरो होतो, राजकारणात ओढला जातो, आणि जगाला हसवणाऱ्या या माणसाची स्वतःची मुलगी हसत नाही. लक्ष्यानं काय काम केलंय त्यात! पण आमच्या टॉकीजमध्ये लोक कुजबुजायला लागले. मग शिट्ट्या. इंटरव्हलला निम्म्या खुर्च्या रिकाम्या. आण्णाही उठले. "फशीवलं," एवढंच म्हणाले आणि आम्हाला घेऊन घरी आले.

चांगल्या सिनेमातून अर्ध्यात उठलेला माणूस आज भिकार सिनेमाला शेवटपर्यंत बसला. हे दुपारपासून डोक्यातून जात नाहीये.

मला सांगा, 'अशी ही बनवाबनवी'त (1988) काय कमी साड्या आहेत? लक्ष्याही नेसलाय, सचिनही नेसलाय. पण तिथं हसू साडीचं नाहीच मुळी! पुण्यात खोली मिळत नाही, घरमालकीणबाई जोडप्यांशिवाय जागा देत नाहीत, म्हणून त्या पोरांवर ही पाळी आलीय. पकडले गेले तर रस्त्यावर. ती भीती खरी आहे म्हणून पदर सरकला की आपला जीव वर-खाली होतो आणि त्यातून हसू फुटतं. वसंत सबनीसांनी ते लिहिलंय. आधीचे घरमालक सरपोतदार, त्यांच्या सत्तर रुपयांचासुद्धा हिशोब ठेवलाय. आणि लोक मला सांगतात, विनोदी आहे गं, डोकं घरी ठेवून बघ. का ठेवू? लिहिणाऱ्यानं ठेवलं म्हणून मीही ठेवू?

बरं, पोट सगळ्यांनाच आहे, घराचे हप्ते सगळ्यांनाच भरायचे आहेत. मान्य. आज थिएटर भरलं होतं आणि लोक हसत होते, हेही मान्य.

पण लक्ष्याचं काय झालं ते आठवा. 'टुरटुर'पासून (1983) नाटकवाल्यांना कळलं होतं हा माणूस काय आहे. 'धूमधडाका'नंतर (1985) अख्ख्या महाराष्ट्राला कळलं. मग पुढची कितीतरी वर्षं त्याच्याकडून काय करून घेतलं? तेच डोळे, तीच मान, तेच पाय. हिंदीत तर हुशार माणसांनी त्याला नोकराचा सदरा घालून कोपऱ्यात उभा केला. आबूरावाच्या तोडीची भूमिका पडद्यावर त्याला पुन्हा मिळालेली मला तरी आठवत नाही. 16 डिसेंबर 2004ला गेला. पन्नास वर्षांचा होता फक्त. त्याच्या शेवटच्या काळातले काही सिनेमे टीव्हीवर लागतात, मला बघवत नाहीत. तो दमलेला दिसतो आणि तरी खांदे उडवतोय.

हे लिहिताना हात थांबला. कारण निर्मात्यांना, दिग्दर्शकांना शिव्या घालायला बसले होते, आणि डोळ्यांसमोर येताहेत त्या रिकाम्या खुर्च्या. त्यातल्या चार आमच्या होत्या. लक्ष्यानं एकदा धाडस केलं आणि आम्ही घरी जाऊन आमटी-भात खाल्ला. मग ज्यानं पैसे घातले तो दुसऱ्यांदा कशाला घालेल? त्या नटालाही आज कुणीतरी हेच सांगितलं असणार. असला प्रयोग कशाला, साडी नेस, चालतंय.

आण्णांवर मी रागवू शकत नाही. बारा तास उभं राहून आलेला माणूस होता तो, त्याला हसायचं होतं. पण तो एकांकिकेतला पोरगा आणि तो दिग्दर्शक, यांच्यावर माझा राग आहे आणि राहणार. त्यांना येतं. मी पाहिलंय, त्यांना येतं!

येताना रिक्षात आण्णा गप्प होते. मला वाटलं झोपले. सांगली नाक्याजवळ एकदम म्हणाले, "तो लक्ष्याचा पिच्चर न्हाई का, आपण उठून आलेलो. पुढं काय झालं गं त्येचं?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधीच विचारलं नव्हतं. मी त्यांच्याकडे तोंड करून, त्यांना ओठ दिसतील असं म्हटलं, घरी गेल्यावर दाखवते.

आत्ता आत लावून दिलाय. आवाज एवढा मोठा आहे की शेजारचे येतील भांडायला. येऊ देत.