निबंध गुऱ्हाळावर लिहून घ्या

मुलांच्या लेखनावरच्या एका लेखात म्हटलंय की प्राथमिकच्या मुलांना आधी गोष्टीच लिहू द्याव्यात, माहितीपर लेखन पाचवीनंतर पाहता येईल. मला हे पटत नाही. मी कोल्हापूरजवळच्या एका गावात चौथीला शिकवते. आमची मुलं ‘गूळ’ या विषयावर लिहायची, ‘गूळ गोड असतो. गूळ आरोग्यास चांगला असतो.’ तीसच्या तीस वह्या सारख्याच!

मग सगळ्यांना घेऊन गावच्या गुऱ्हाळावर गेले. एकच अट घातली, जे डोळ्यांनी पाहिलं किंवा गूळ बनवणाऱ्या गुळवेमामांना विचारलं तेवढंच लिहायचं. एका मुलीनं लिहिलं, ‘रसात भेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते. मामा ती झाऱ्यानं काढून टाकतात. चुलवाणात चिपाडं घालतात, लाकूड नाही.’ ही मुलगी एरवी चार ओळींत थांबायची, त्या दिवशी पान भरलं. शेवटी तिनं प्रश्नही लिहिला होता, पाक झालाय हे मामांना कसं कळतं? दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारून आली. पाक थेंबभर नव्हे, चांगला चमचाभर गार पाण्यात टाकतात, त्याची गोळी झाली की काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, उतरवायची.

व्याकरणाच्या चुका होत्या, पण त्या दिवशी मी लाल पेन उघडलंच नाही. फक्त ‘हे तुला कुणी सांगितलं?’ एवढं समासात लिहिलं.

शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याच मातीतल्या मुलांना गाईडमधला निबंध पाठ करायला लावायचा, याचं मला फार वाईट वाटतं. पुढच्या महिन्यात आम्ही कुंभारवाड्यात जाणार आहोत.